सौंसरची हाजरी, नागपूरची हाजरी

सुतारकामात पाय ठेवणारा पोरगा पहिला प्रश्न दराचा विचारतो. सौंसरला हाजरी किती, नागपूरला किती, पुण्याला किती? प्रश्न रास्त आहे, त्याच्यावरच घर चालायचं असतं. पण अंगणात बाबांच्या हाताखाली वाकस धरण्यापासून पुण्यातल्या उंच इमारतींत वॉर्डरोब बसवण्यापर्यंत हे काम केल्यावर माझं मत असं झालं आहे, की दर हा मजुरीचा अर्धाच हिशेब आहे. महिन्यात हाजऱ्या किती भरल्या, पैसे हातात कधी आले, आणि खाणंपिणं, भाडं, गाडीखर्च जाऊन घरात काय पोचलं, हा उरलेला अर्धा. तो कोणी विचारत नाही, म्हणून मी तो इथे मांडतो आहे.

आमचा मुलूख सीमेवरचा. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर. पांढुर्ण्याहून गाडी सुटली, दारीमेटा मागे पडलं आणि नरखेड आलं की महाराष्ट्र लागतो. सौंसरहून लोधीखेड्याच्या बाजूने खाली उतरलं की केळवद आणि मग सावनेर. एकेकाळी नागपूर आमच्याच प्रांताची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला, लाकडाला नागपूर, असं आमचं चालत आलं आहे. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. कागदावरचं छिंदवाडा सुटलं, पण सुतारांचा राबता त्याआधीपासूनच नागपूरच्या लकडगंजात होता.

आमच्या बाबांच्या वेळी दर हा प्रश्नच नव्हता. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं वर्षभराचं काम सुताराकडे असे. नांगर, वखर, तिफण, डवरा, बंडी, सगळं. वखराचं खोड फाटलं, दांडी मोडली, रुमणं ढिलं झालं, की माणूस भल्या पहाटे दारात उभा. पैसे मागायचे नाहीत. पीक निघालं की खळ्यावर जायचं आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन यायचं. ज्याच्याकडे बैलजोड्या जास्त, त्याच्याकडून पायल्या जास्त. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लोक मला भेटतात, पण मी ते गात नाही. पाऊस दगा देई त्या वर्षी शेतकऱ्याबरोबर आम्हीही उपाशी, आणि पीक चांगलं आलं तरी आमची पायली तेवढीच. शिवाय खळ्यावर सुतारानं उभं राहायचं आणि मालकानं हात सैल सोडायचा की आखडायचा हे मालकानं ठरवायचं. बाबांना ते आवडत नसे, हे त्यांच्या चालण्यावरून कळायचं. खळ्याकडे जाताना ते नेहमी हळू चालत.

त्यांच्या हातचं चाक मात्र पाहण्यासारखं असे. तुंबा बाभळीचा, चांगला वाळवलेला. त्याला भोकं पाडताना ते एकेक भोक किंचित कलतं घेत, कारण आरे सरळ बसवले तर भरल्या बंडीनं चाक बाहेर फाकतं. बारा आरे, सहा पुठ्ठे, एका पुठ्ठ्यात दोन आरे. सगळं ठोकून बसलं की लोहार धाव तापवायचा. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली लोखंडी धाव चिमट्यांनी उचलून चाकावर टाकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेत कोणी दिसेनासं व्हायचं, लाकूड कुरकुरायचं, आणि धाव आवळताना सगळे सांधे एकदम मिटायचे. त्यानंतर बाबा चाक उभं करून बोटानं ठोकून पाहत. आवाज एकसारखा आला तरच ते गिऱ्हाइकाच्या हवाली करत. या कामाची मजुरी काय धरायची? आजच्या हाजरीनं मोजलं तर त्या चाकाला कोणी हात लावणार नाही.

ट्रॅक्टर आला, वखर लोखंडी झाला, बंडीला रबरी टायरची चाकं लागली. शेतीचं काम सुताराच्या हातून वेल्डिंगवाल्याकडे गेलं. उरली घरं. संत्र्याच्या पट्ट्यात पैसा आला तेव्हा माडीची घरं उठली आणि सागाच्या चौकटींचं काम काही वर्षं भरपूर मिळालं. मी खरा हात धरला तो त्या काळात.

चौकट दिसायला चार लाकडं. तिचा हिशेब सांगतो, कारण मजुरीचं गणित त्यातच आहे. सात फूट बाय साडेतीन फुटांची उंबरठ्यासकट चौकट म्हणजे सात-सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन-साडेतीनचे दोन आडवे, एकूण एकवीस फूट. लाकूड पाच इंच बाय अडीच इंच. म्हणजे साधारण एक पूर्णांक आठ घनफूट साग, वर तोड आणि रंध्याची घट वेगळी. साग महाग. सरकारी डेपोतला लिलावाचा माल, त्यावर हॅमरचा छाप, सोबत टीपीचा, म्हणजे वाहतूक परवान्याचा, कागद. गिऱ्हाईक लाकडाचं बिल मुकाट्यानं देतं, कारण तिथे घनफुटाचा भाव छापील असतो. मग मजुरीवर येतं आणि म्हणतं, "मिस्त्री, हाजरीनंच करा न. किती दिवस लागते?" लाकूड मोजून घेणारा माणूस काम मोजून घ्यायला तयार नसतो. आमच्याकडच्या कमी मजुरीचं मूळ मला तेव्हा पहिल्यांदा इथे दिसलं, आणि अजूनही तिथेच दिसतं.

हाजरीत दिवस विकला जातो. चौकटीच्या उभ्याची चूल आडव्याच्या सालीत अशी बसली पाहिजे, की हातानं दाबून अर्धी जावी आणि उरलेली ठोक्यानं. सैल राहिली तर दोन पावसाळ्यांत चौकट खेळायला लागते. घट्ट झाली तर लाकूड चिरतं. दार टांगताना वरून आणि बाजूनं रुपयाच्या नाण्याएवढी फट सोडायची. पण एप्रिलमध्ये, लाकूड उन्हानं आक्रसलेलं असताना टांगत असाल तर थोडी जास्त, नाहीतर श्रावणात ते दार खांद्यानं ढकलावं लागेल. सौंसरचं ऊन आणि सौंसरचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्यालाच ही फट किती ते कळतं. हे कळायला मला वर्षं लागली. हाजरीच्या भावात मात्र मी आणि कालचा शिकाऊ यांच्यात दोनशे-अडीचशे रुपयांचाच फरक पडे.

मग तेही काम आटलं. ग्रॅनाइटच्या चौकटी आल्या, फ्लश डोअर आले, प्लास्टिकची दारं आली. खेड्यांत प्रधानमंत्री आवासची घरं उठली. सपाटीवरच्या भागात एका घराला 1 लाख 20 हजार रुपये. एवढ्या पैशात विटा, सिमेंट, छत होता होता जीव जातो, सागाची चौकट कुठून येणार? लोखंडी दार, लोखंडी खिडकी, वेल्डिंगवाला येऊन बसवून जातो. गरीब माणसाला पक्कं घर मिळालं याचा मला आनंद आहे, माझ्या नात्यातल्या लोकांनाही मिळालं. पण रांगेनं घरं उठली आणि सुताराला त्यात एक खिळाही ठोकायला मिळाला नाही, हेही घडलं आहे, आणि ते सांगायला हवं.

तेव्हा आम्ही नागपूरकडे वळलो. पांढुर्ण्याचे लोक रेल्वेनं अप-डाउन करतात. पास स्वस्त पडतो, पण अंधारात घर सोडायचं आणि अंधारात परतायचं. सौंसरकडून रस्त्यानं. सकाळी ठिय्यावर उभं राहायचं, नाहीतर ओळखीच्या ठेकेदाराकडे जायचं. काम पूर्ण वेगळं. प्लाय, सनमायका, मॉड्युलर किचन, ट्रॉल्या, टीव्ही युनिट. पटाशीचं काम जवळजवळ संपलं, कटर, राउटर आणि ड्रिल यांचं सुरू झालं. पहिल्या दिवशी ज्या राजस्थानी मिस्त्रीच्या हाताखाली मी लागलो, त्याची मापं घेण्याची पद्धत पाहून मी थक्क झालो. भिंतीला टेप लावायचा, तीन ठिकाणी उंची घ्यायची, सगळ्यांत कमी ती धरायची, आणि मग वहीत चित्र काढून त्यात एकेक फळीचं माप लिहायचं. एक शीट कापण्याआधी ती कशी कापायची हे कागदावर ठरलेलं. प्लायचा तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही. त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा कमी होतं. पण तो चौरस फुटावर काम घेई, आणि मी त्याच्याकडे हाजरीवर होतो. घरमालकाकडून फुटाचा भाव घ्यायचा आणि कारागिराला दिवसाचा द्यायचा, यात मधे जे उरतं ते मोजता येणाऱ्याचं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्याकडूनच मी मोजायला शिकलो.

आता दराचा हिशेब मांडतो. हे आकडे माझ्या अनुभवातले, अलीकडच्या काळातले आणि अंदाजाचे आहेत, माणसागणिक आणि कामागणिक फिरतात. सौंसरला चांगल्या हाताला साडेसहाशे हाजरी धरा. नागपूरला नऊशे. पुण्याला अकराशे. ऐकणाऱ्याला वाटतं, पुण्याला जवळजवळ पावणेदोन पट मिळतात. आता महिना धरा. सौंसरला काम सलग नसतं, सरासरी पंधरा हाजऱ्या भरल्या तर बरं, म्हणजे 9,750 रुपये. पण राहणं-खाणं घरचं. नागपूरला बावीस हाजऱ्या, 19,800. त्यातून येण्याजाण्याचे दोन हजार आणि दुपारचं जेवण, चहा यांचे दीड हजार काढा. उरले 16,300. पुण्याला पंचवीस हाजऱ्या, 27,500. खोलीचा वाटा अडीच हजार, जेवण पाच हजार, आणि दिवाळी, पोळा, लग्नकार्य, आजारपण यांच्यासाठी घरी येण्याचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर महिन्याला हजार. उरले एकोणीस हजार. म्हणजे नागपूर आणि पुणे यांच्या हाजरीत दोनशेचं अंतर असलं, तरी घरात पोचणाऱ्या पैशांत महिन्याला 2,700 चंच अंतर पडतं. त्या 2,700 साठी पोरांचं शाळेतलं वर्ष, बायकोचं दुखणं, म्हाताऱ्या आईचं जेवण, सगळं फोनवर ऐकायचं. मी पुण्यात राहिलो ते कर्ज होतं म्हणून. कर्ज फिटलं आणि परत आलो.

उलट, सौंसर आणि नागपूर यांच्यातला फरक हाजरीपेक्षा दिवसांनी पाडला आहे. सौंसरलाच मला बावीस हाजऱ्या मिळाल्या असत्या तर 14,300 झाले असते, आणि दोन हजारांसाठी कोणीही पहाटेची गाडी धरली नसती. आमच्या भागातली मजुरी वाढायची असेल तर आधी दिवस वाढले पाहिजेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

सरकारी आकड्यांतही हा उतार दिसतो. राज्यांविषयीच्या आकडेवारीचं एक पुस्तक रिझर्व्ह बँक दरवर्षी काढते. त्यात 2022-23 साली ग्रामीण भागातल्या बांधकाम मजुराची सरासरी रोजी केरळात 852 रुपये 50 पैसे होती, देशात 393 रुपये 30 पैसे, आणि मध्य प्रदेशात 278 रुपये 70 पैसे. म्हणजे केरळच्या एका दिवसात आमचे तीन दिवस. यात सगळेच बांधकाम मजूर आले, कुशल सुताराची रोजी याहून वर असते, पण उतार तोच राहतो. रोजगार हमीचं पाहा. 2025-26 साली मध्य प्रदेशात 261 रुपये होते आणि महाराष्ट्रात 312. सीमेवरच्या दोन शिवारांत माती तीच, कापूस-संत्रा तोच, किराणा मालाचा भावही जवळपास तोच. तरी फावड्याच्या एका दिवसात 51 रुपयांचं अंतर. अकुशल मजुराचा दर खाली असला की त्याच्यावर रचलेला मिस्त्रीचा दरही खालीच राहतो, कारण गिऱ्हाईक नेहमी खालून मोजतं. "मजुराले इतके देतो, तुमाले त्याच्या दुप्पट घ्या," हे मी किती वेळा ऐकलं आहे.

दर खाली राहण्याचं आणखी एक कारण आहे, ते गावात बसून दिसत नाही, फिरल्यावर दिसतं. आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे सुतार नागपूरला गेलो की इथली जागा रिकामी राहत नाही. तामिया, जुन्नारदेव अशा वरच्या डोंगराळ भागातून पोरं खाली येतात. त्यांच्याकडे मिळतं त्याहून इथलं जास्त, म्हणून ती खुशीनं येतात आणि आमच्यापेक्षा कमी घेतात. नागपूरला आम्ही तेच करतो. तिथल्या मिस्त्रीला जे परवडत नाही ते आम्ही मान्य करतो, कारण आमच्या मनात सौंसरचा आकडा असतो. नागपूरचा मिस्त्री पुण्याला जातो. पुण्यातलं मला भेटलेलं एक पोरगं कतारला गेलं. ही शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्या पायरीचा दर सोबत घेऊन वर चढतो. डोंगरातून आलेल्या पोरांवर राग धरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. मला तो राग चुकीचा वाटतो. त्यांना हाताशी धरून शिकवलं आणि दर एक ठरवला तरच सगळ्यांचं भलं आहे.

पुण्याबद्दल फार लिहीत नाही. काम स्वच्छ होतं, पैसे वेळेवर मिळत, शिकायला मिळालं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या साइटवर टेबल सॉवर काम करताना एका पोराची दोन बोटं गेली. पात्यावरचं झाकण काढून ठेवलेलं होतं, कारण झाकणानं काम हळू होतं. ठेकेदारानं पहिल्या मलमपट्टीचे पैसे दिले आणि पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस उभा केला. सुताराची बोटं म्हणजे त्याची जमीन. अकराशेच्या हाजरीत त्या बोटांची किंमत कुठेच धरलेली नव्हती. दर विचारणाऱ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. मशीनवर झाकण आहे का आणि अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे दराच्या आधी विचारा.

बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितांनी घेतली. मालक बांधकामाच्या खर्चावर उपकर भरतो आणि त्यातून मंडळाकडे नोंद झालेल्या कामगाराला मदत मिळते. नोंदीसाठी मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळं मात्र राज्याराज्यांची वेगळी. जो माणूस चार महिने मध्य प्रदेशात आणि आठ महिने महाराष्ट्रात काम करतो, त्याचे दिवस दोन राज्यांत वाटले जातात. सीमेवरच्या कामगारासाठी दोन्हीकडचे दिवस एकत्र धरले जावेत, ही मागणी आमच्या भागातून जोरात व्हायला हवी.

17 सप्टेंबर 2023 ला, विश्वकर्मा जयंतीला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांच्या यादीत पहिलं नाव सुताराचं. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्ज. 500 रुपये दिवसाच्या हाजरीपेक्षा कमी आहेत म्हणून काही मिस्त्री फिरकले नाहीत. माझ्या मते त्यांनी जायला हवं होतं. 15,000 मध्ये चांगला कटर आणि ड्रिल येतं, आणि स्वतःची मशीन असलेला माणूस हाजरीवरून ठेक्यावर जाऊ शकतो. कर्जाचं मात्र जपून. आमच्याकडे गिऱ्हाइकाचे पैसे संत्र्यावर चालतात.

हे संत्र्याचं जरा उलगडून सांगतो. अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे निघतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे. व्यापारी बाग घेतो, पैसे येतात, मग शेतकरी घराच्या कामाला हात घालतो. त्यामुळे सुताराचं कामही त्या दोन हंगामांत एकदम येतं आणि मधे महिनेमहिने थांबतं. एका मोठ्या बागायतदाराकडे मी किचन आणि दोन कपाटं केली. तेव्हा मी पहिल्यांदा सौंसरच्या बाजूला हट्टानं फुटाचा भाव लावला. ते म्हणाले, "हाजरी सांगा, मिस्त्री. फूट-बिट नागपूरले चालते." मी वहीत चित्र काढून दाखवलं, माल किती लागेल ते लिहिलं, आणि म्हणालो, "काकाजी, हाजरीनं केलं तं तुमी दिवसभर माह्या मागं उभे राहान आन मी कामाच्या मागं. फुटानं द्या, तुमी बागेत जा." ते हसले आणि तयार झाले. काम वेळेआधी झालं. दिवसाचा हिशेब केला तर मला नागपूरइतकी हाजरी घरच्या ताटावर बसून पडली. पण त्या वर्षी संत्र्याला भाव मिळाला नाही, आणि माझे निम्मे पैसे पुढच्या बहारापर्यंत राहिले. प्लायवाल्या दुकानदाराला मात्र त्यांनी रोख दिले होते. नाहीतर माल आलाच नसता. माझी मेहनत आधीच भिंतीला बसली होती, ती काढून कशी नेणार?

पोळ्याचे दिवस आमच्या हातांना अजून जुनं काम देतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते, आणि नागपूरच्या बाजूला त्याच दिवशी तान्हा पोळा. पोरंसोरं लाकडी बैल सजवून फिरवतात. ते बैल आम्ही आषाढापासून करायला लागतो. हलक्या लाकडाचे छोटे, सागाचे मोठे, खाली चाकं. शिंगं आणि वशिंड जमलं की बैल जमला. घासकाम आणि रंग माझी बायको करते, अगदी पॉलिश पेपरचे नंबर तिला तोंडपाठ आहेत. सावनेर, नागपूरच्या बाजारात ते बैल जातात. त्या पैशांचा हिशेब करताना आम्ही लाकूड, रंग, गाडीभाडं धरतो. तिची हाजरी धरत नव्हतो. आता धरतो, आणि बैलाची किंमत त्याप्रमाणे सांगतो. घासाघीस होते, पण विकले जातात.

माझा पुतण्या आयटीआयमधून सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स करून आला. हात चांगला आहे, आणि मोबाइलवर किचनची चित्रं काढतो. त्यानं मला विचारलं, "काका, मी इथंच राहू का नागपूरले जाऊ?" मी त्याला म्हटलं, "दोन-तीन वर्सं नागपूरले जाय. पन हाजरीसाठी नोको जाऊ, मोजाले शिकासाठी जाय. मंग इथं ये आन फुटाचा भाव सांग." तो गेला आहे. दर शनिवारी येतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे दुकानं, खोल्या वाढताहेत, दुकानाच्या फर्निचरचं काम निघतं आहे. ते काम घ्यायला नागपूरची टोळी येण्याआधी आमची पोरं तयार असावीत, एवढीच माझी धडपड आहे. आम्ही चार-पाच मिस्त्री बसून चौकटीला किती, दार टांगायला किती, कपाटाला फुटामागे किती, असा एक कागद केला आहे. सगळे पाळतात असं नाही. पण गिऱ्हाईक आलं की तो कागद निदान समोर ठेवता येतो.

सौंसर, पांढुर्ण्यात आणि कुठेही घराचं काम काढणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मिस्त्रीला पहिल्या दिवशी हाजरी विचारू नका, कामाचं माप विचारा. ठरलेला भाव, मालाची यादी आणि पैसे देण्याच्या तारखा एका कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. प्लायवाल्याला रोख देता, तसे सुतारालाही काम संपेल त्या दिवशी द्या. आणि तुमच्या घरी मशीन लागली असेल तर पात्यावर झाकण आहे की नाही, ते एकदा स्वतः पाहा.